लिओ बेकेलंड: कारखानदार घडला तो स्थलांतरामुळे की व्यवहारामुळे?

जिज्ञासू वाचक (प्रश्न):

प्लास्टिकच्या इतिहासावरील कोणतेही लेखन उघडले की लिओ बेकेलंड यांचे नाव पहिल्या काही परिच्छेदांतच भेटते, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे चरित्र एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटते. बेल्जियममधील घेंट शहरात १८६३ साली जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्म, आई लोकांच्या घरी कामाला जाणारी, मुलगा मात्र शिकून २१ व्या वर्षी डॉक्टरेट मिळवतो, १८८९ साली अमेरिकेत येतो, छायाचित्रणाच्या कागदाचा धंदा विकून श्रीमंत होतो आणि पुढे बेकेलाइट हे प्लास्टिक तयार करून आणखी श्रीमंत होतो. गरीब घरातील हुशार मुलगा परदेशी जाऊन नाव काढतो, ही गोष्ट इतकी ओळखीची आहे की तिच्यातील फटी चटकन दिसत नाहीत.

मला तीन ठिकाणी अडखळायला होते. पहिली गोष्ट अशी की बेकेलंड हे उपासमारीमुळे किंवा छळामुळे देश सोडलेले गृहस्थ नव्हते. घेंटच्या विद्यापीठात त्यांना चांगले पद होते आणि त्यांचे सासरे तेथेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. अशी बसलेली घडी मोडून माणूस परक्या देशात का राहतो? दुसरी शंका रसायनाची आहे. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड या दोन रसायनांपासून राळेसारखा पदार्थ होतो हे जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फोन बायर यांनी १८७२ सालीच नोंदवले होते. मग ३५ वर्षांनी बेकेलंड यांनी नेमके वेगळे काय केले? तिसरी शंका व्यवहाराची आहे. शोध लावणारा एक आणि त्यावर पैसा करणारा दुसरा, असेच बहुधा घडते. येथे दोन्ही कामे एकाच माणसाने कशी निभावली? थोडक्यात, त्यांना ‘स्थलांतरित उद्योजक’ म्हणताना त्यातील पहिल्या शब्दाला खरोखर किती वजन द्यावे, याविषयी जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

निवृत्त रसायनशिक्षक:

आपल्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर बहुतेक लेखांत गाळलेले असते. बेकेलंड यांच्या डोक्यात धंदा शिरला तो अमेरिकेत नव्हे. घेंटमध्ये अध्यापन करीत असतानाच त्यांनी छायाचित्रणाच्या कोरड्या काचांसंबंधी एक पेटंट घेतले होते. काच नुसत्या पाण्यात बुडवली की प्रतिमा उमटावी, अशी ती कल्पना होती, आणि ती विकण्यासाठी एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी छोटी कंपनीही काढली होती. ती फारशी चालली नाही. पण आपल्याला प्राध्यापकी पुरेशी नाही हे त्यांना तेथेच कळलेले दिसते. त्यांचे गुरू आणि पुढे सासरे झालेले तेओदोर स्वार्ट्स यांना मात्र हा शिष्य विद्यापीठातच हवा होता.

घेंटचे ऋण कमी लेखू नये, हेही येथेच सांगून टाकतो. रसायनज्ञ आउगुस्ट केकुले १८५८ ते १८६७ या काळात याच विद्यापीठात होते आणि बेंझिनच्या वलयाची कल्पना त्यांनी १८६५ साली मांडली ती येथे असतानाच. स्वार्ट्स हे त्यांचेच उत्तराधिकारी. फिनॉल म्हणजे त्या वलयाला एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला पदार्थ. म्हणजे पुढे ज्या रेणूवर बेकेलंड यांनी आयुष्य उभे केले, त्याची रचना ज्या गावात उलगडली त्याच गावात ते शिकले होते.

अमेरिकेत ते स्थायिक होण्यासाठी गेलेच नव्हते. १८८७ साली बेल्जियमच्या विद्यापीठांतील पदवीधरांच्या स्पर्धेत ते पहिले आले आणि त्यांना प्रवासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ऑगस्ट १८८९ मध्ये सेलिन स्वार्ट्स यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य त्या शिष्यवृत्तीवर निघाले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया महाविद्यालयाचे प्राध्यापक चार्ल्स चँडलर यांच्याशी गाठ पडली. चँडलर यांनी त्यांना तेथेच राहण्याचा आग्रह केला आणि छायाचित्रण साहित्य विकणाऱ्या अँथनी कंपनीत नोकरीही मिळाली. माझ्या मते स्थलांतराचा खरा लाभ येथे दिसतो: कोणाचा शिष्य आणि कोणाचा जावई, हे ज्या देशात कोणी विचारत नाही तेथे त्यांना नव्याने उभे राहता आले.

पुढची तीन-चार वर्षे मात्र हलाखीची होती. १८९१ च्या सुमारास नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केले, एकाच वेळी अनेक कल्पनांच्या मागे धावले, आजारी पडले आणि जवळचा पैसा संपत आला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवले की सगळे सोडून एकच गोष्ट हाती घ्यायची, जिच्यातून लवकर पैसा येईल. ती गोष्ट म्हणजे व्हेलॉक्स हा कागद. सिल्व्हर क्लोराइड वापरल्यामुळे तो इतका मंद होता की अंधाऱ्या खोलीची कडक शिस्त न पाळता मंद दिव्यात हाताळता येई आणि जवळच्या गॅसच्या किंवा विजेच्या दिव्यावर त्याच्यावर छायाचित्र छापता येई. छपाईसाठी उन्हाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. लिओनार्ड जेकोबी यांच्या भागीदारीत त्यांनी १८९३ साली नेपेरा केमिकल कंपनी काढली. ते वर्ष अमेरिकेत मोठ्या आर्थिक मंदीचे होते. मुरलेले छायाचित्रकार जुन्या कागदालाच चिकटून राहिले, हौशी लोकांनी मात्र व्हेलॉक्स उचलून धरला.

१८९९ साली कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन यांनी ही कंपनी विकत घेतली. किमतीचा आकडा बहुतेक ठिकाणी साडेसात लाख डॉलर दिलेला असतो, काही ठिकाणी दहा लाख. पण ती किंमत संपूर्ण कंपनीची होती आणि जेकोबी भागीदार होते, तेव्हा सगळी रक्कम बेकेलंड यांच्या पदरात पडली असे समजू नये. भेटीला जाताना ते थोडीच रक्कम मागणार होते आणि ईस्टमन यांनी आधीच मोठा आकडा सांगितला, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. मला ती सजवलेली वाटते. करारानुसार छायाचित्रणाच्या क्षेत्रात परतण्याचा मार्ग मात्र बंद झाला, आणि त्याचे परिणाम पुढे फार दूरवर गेले.

आता दुसरी शंका. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र केले की प्रक्रिया उष्णता सोडते, उसळते, वाफा आणि वायू सुटतात आणि भांड्यात सच्छिद्र, ठिसूळ, कशातही न विरघळणारा गोळा उरतो. आधीच्या रसायनज्ञांना या गोळ्याचा वैतागच होता. त्यांनी प्रक्रिया सौम्य करण्यासाठी तापमान कमी ठेवले, विद्रावक मिसळले, आणि त्यामुळे हाती आले ते मऊ, वाकडे होणारे काहीतरी. बेकेलंड यांनी याच्या उलट दिशा धरली. तापमान १०० अंशांच्या बरेच वर नेले, आणि वायूंनी फुगे करू नयेत म्हणून सगळा प्रकार दाबाखाली, बंद पात्रात घडवला. या पात्राला ‘बेकेलायझर’ हे नाव पडले. त्यातील पहिले, ‘ओल्ड फेथफुल’ या टोपणनावाचे, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. प्रक्रिया त्यांनी टप्प्यांत तोडली: ‘अ’ अवस्थेत राळ वितळते आणि विरघळते, ‘ब’ अवस्थेत उष्णतेने मऊ होते पण वितळत नाही, आणि ‘क’ अवस्थेत कायमची कठीण होते. पेटंटचा अर्ज जुलै १९०७ मधील, मंजुरी ७ डिसेंबर १९०९ ची. रसायनज्ञांच्या सभेत जाहीर निवेदन फेब्रुवारी १९०९ मध्ये झाले.

एक गोष्ट राहून जाऊ नये. या विषयावर प्रयोगशाळेत आधीपासून काम करीत होते ते त्यांचे सहायक नॅथॅनियल थर्लो. बेकेलंड यांनी स्वतः त्यात पूर्ण लक्ष घातले ते १९०७ च्या जूनमध्ये. लोकप्रिय चरित्रांत थर्लो यांचे नाव सहसा सापडत नाही.

लाखेचा अभ्यासक:

वरील उत्तरात एक दुवा सुटला आहे. बेकेलंड फिनॉलकडे वळले ते लाखेला पर्याय शोधण्यासाठी. विजेच्या तारा आणि गुंडाळ्या यांच्या रोधनासाठी, म्हणजे वीज बाहेर जाऊ न देणाऱ्या आवरणासाठी, चपडा लाख वापरली जाई, ती भारतातून आणि आसपासच्या प्रदेशांतून येई, आणि झाडावरचे किडे विजेच्या कारखान्यांच्या वेगाने लाख तयार करू शकत नव्हते. बेकेलंड यांचा या दिशेचा पहिला पदार्थ, नोव्होलॅक, लाखेसारखाच विरघळणारा होता आणि बाजारात त्याला विशेष यश आले नाही. बेकेलाइटने लाखेचा धंदा बुडवला असे मात्र सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. ग्रामोफोनच्या तबकड्या त्यानंतरही कित्येक वर्षे लाखेच्याच होत होत्या.

साचेकार:

मी रसायनज्ञ नाही. उष्मादृढ, म्हणजे उष्णतेने कायमची घट्ट होणारी, पावडर साच्यात दाबून हँडल, खुंट्या आणि विजेच्या उपकरणांचे भाग काढण्याच्या कामात अनेक वर्षे घालवली आहेत, आणि आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर मला प्रयोगशाळेपेक्षा साच्यापाशी अधिक दिसते.

शिक्षकमहोदयांनी ज्या ‘अ’, ‘ब’, ‘क’ अवस्था सांगितल्या, त्यांच्याकडे धंद्याच्या नजरेने पाहावे. अंतिम अवस्थेतील बेकेलाइट हा घडवण्याच्या दृष्टीने मेलेला पदार्थ आहे: तो वितळत नाही, वळत नाही, फार तर कानशीने घासता येतो. बेकेलंड यांनी तो विकला असता तर ते वस्तू बनवणारे एक कारखानदार झाले असते, बाकीच्यांसारखेच. त्यांनी अर्धवट झालेली राळ विकली. तिची पूड करायची, तिच्यात लाकडाचा बारीक भुसा किंवा ॲस्बेस्टॉससारखा भरणा मिसळायचा, आणि गिऱ्हाइकाने ती आपल्या तापलेल्या साच्यात दाबून शेवटची अवस्था स्वतःच्या कारखान्यात घडवून आणायची. वस्तू शेकडो प्रकारच्या आणि शेकडो लोकांच्या, माल मात्र एकाचा.

ऐकायला सोपे वाटते, पण हे गिऱ्हाइकाला शिकवणे किती अवघड असते ते या कामातील माणूसच जाणतो. साचा साधारण १५० ते १८० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो. पावडर आधी वितळून कानाकोपऱ्यांत पोहोचते आणि मग तेथेच घट्ट होते. या दोन गोष्टींमधला वेळ थोडा असतो. दाब उशिरा दिला तर कोपरे भरत नाहीत, साचा मध्येच क्षणभर उघडून वाफ सोडली नाही तर वस्तूवर फोड येतात, लवकर काढली तर आतून कच्ची राहते. साच्याच्या सांध्यातून जी पातळ पापडी बाहेर येते, जिला आम्ही फ्लॅश म्हणतो, ती पुन्हा वितळवून वापरता येत नाही. गेलेला माल तो गेलाच. मेणासारख्या किंवा सेल्युलॉइडसारख्या पदार्थांवर हात बसलेल्या कारागिराला हे सगळे उलटे वाटते. गरम साच्यातून कडक वस्तू निघते, हेच त्याला पटत नाही.

म्हणूनच बेकेलंड यांचा पहिला बेत फसला. त्यांना सुरुवातीला स्वतः मोठा कारखाना नको होता. पेटंटचे परवाने द्यावेत आणि घरबसल्या मानधन घ्यावे, असा विचार होता. परवाना घेणाऱ्यांना प्रक्रिया जमेना, माल खराब होऊ लागला आणि दोष पदार्थाला लागू लागला. मग १९१० साली जनरल बेकेलाइट कंपनी उभी राहिली आणि न्यू जर्सीतील पर्थ अँबॉय येथे राळेचे उत्पादन सुरू झाले. साचेकामाच्या बाबतीत त्यांना पहिला हात मिळाला तो त्याच राज्यातील बूंटन येथील कडक रबराच्या कारखान्याचा. हे मला अगदी स्वाभाविक वाटते, कारण रबर पक्के करणाऱ्यालाच ‘उष्णता द्यावी म्हणजे घट्ट होईल’ ही कल्पना आधीपासून अंगवळणी पडलेली असते.

रंगाबद्दल एक जाता जाता. बेकेलाइटच्या जुन्या वस्तू काळ्या किंवा तपकिरी का, असे लोक विचारतात. राळ स्वतःच काळवंडते आणि भुसा घातल्यावर उजळ रंग उठत नाही. गडद रंगात दोन्ही दोष झाकले जातात.

जिज्ञासू वाचक:

आपणा सर्वांचे आभार. अर्धवट राळ विकण्याचा मुद्दा माझ्या लक्षात कधीच आला नव्हता. पण मग पुढचा प्रश्न असा पडतो की हे तंत्र एकदा बाहेर पडल्यावर नक्कल करणारे निघालेच असतील. मोठ्या, जुन्या अमेरिकन घराण्यांच्या कंपन्यांसमोर एक बाहेरून आलेला प्राध्यापक टिकला कसा? आणि शेवटी कंपनी त्यांच्या घराण्यात राहिली का?

पेटंटवाचक:

नक्कल करणारे निघाले, आणि त्यांतील सगळेच भुरटे नव्हते. शिकागोत लॉरेन्स रेडमन यांची रेडमॅनॉल कंपनी होती. जोनास आयल्सवर्थ यांनी कंडेन्साइट नावाची राळ तयार केली. ते एडिसन यांचे जुने सहकारी, आणि एडिसन यांच्या जाड तबकड्यांसाठी तीच राळ वापरली गेली. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न स्वतंत्रपणे त्याच पदार्थापर्यंत पोहोचले होते, आणि त्यांचा पेटंट अर्ज बेकेलंड यांच्यानंतर अवघ्या एका दिवसाने पोहोचला असे सांगितले जाते.

यातील प्रत्येकाशी बेकेलंड कसे वागले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील प्रतिस्पर्ध्यांशी आधी न्यायालयात दावे लढवले गेले, आणि पेटंटची बाजू भक्कम ठरल्यावर १९२२ साली जनरल बेकेलाइट, रेडमॅनॉल आणि कंडेन्साइट या तिन्ही कंपन्या एकत्र करून बेकेलाइट कॉर्पोरेशन स्थापन झाले. हरलेल्यांना बाजारातून हाकलण्याऐवजी आत घेतले, त्यामुळे त्यांची गिऱ्हाइके आणि त्यांचे तंत्रज्ञही आत आले. इंग्लंडमध्ये १९२६ साली बेकेलाइट लिमिटेड उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले ते स्विनबर्नच. जर्मनीत तर त्याआधीच, १९१० साली, बर्लिनजवळील एर्कनेर येथे डांबराच्या धंद्यातील र्‍युटगर्स कंपनीच्या साह्याने उत्पादन सुरू झाले होते. फिनॉल डांबरातून मिळते, तेव्हा ही सोयरीक कच्च्या मालाशीच होती.

येथे मी शिक्षकमहोदयांशी थोडा असहमत आहे. ‘कोणाचा जावई हे कोणी विचारत नाही’ हा अमेरिकेचा लाभ त्यांनी सांगितला, तो व्हेलॉक्सपुरता खरा असेल. बेकेलाइटच्या बाबतीत मला उलट वाटते की त्यांना उपयोगी पडले ते युरोपाशी न तुटलेले नाते. जर्मन रसायनज्ञांचे लेखन ते मूळ भाषेत वाचत. ईस्टमन यांच्या करारामुळे छायाचित्रण सोडावे लागल्यावर विद्युत-रसायनशास्त्र शिकण्यासाठी ते बर्लिनला गेले, आणि परत आल्यावर मिठापासून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढणाऱ्या टाउनसेंड सेलवर त्यांनी काम केले, ज्यातून नायगारा येथील हूकर कंपनीचा कारखाना उभा राहिला. लहान यंत्रावर चुका करून घ्याव्यात आणि मगच मोठे यंत्र बांधावे, ही सवय त्यांना त्या कामात लागली. १८९७ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले, पण डोके दोन्ही किनाऱ्यांवर ठेवून. बायर यांची १८७२ ची नोंद जर्मनीत सर्वांना उपलब्ध होती आणि विजेच्या रोधकांची भूक अमेरिकेत सर्वांना दिसत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक असलेली माणसे थोडी होती.

पेटंटच्या १७ वर्षांची मुदत १९२६ च्या अखेरीस संपली. त्यानंतर कॅटलिनसारखे, भरणा न घालता ओतलेले उजळ रंगांचे फिनॉली प्लास्टिक बाजारात आले आणि दागिने, रेडिओची पेटी यांत त्याने चांगलीच जागा पटकावली. तोपर्यंत ‘बेकेलाइट’ हे नाव इतके रुळले होते की ‘हजार उपयोगांचा पदार्थ’ ही जाहिरात आणि रोमन ‘B’ अक्षराखालचे अनंताचे चिन्ह हेच पेटंटची जागा भरून काढत होते. टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बेकेलंड यांचे चित्र आले ते १९२४ साली, आणि त्याच वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षही होते. बाहेरून आलेला म्हणून अडवला गेलेला माणूस असे त्यांचे चित्र रंगवता येणार नाही.

निवृत्त रसायनशिक्षक:

पेटंटवाचक यांची दुरुस्ती मला मान्य आहे. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच की कंपनी घराण्यात राहिली नाही. मुलगा जॉर्ज यांना वडिलांच्या जागी बसण्याची इच्छा नव्हती, आणि १९३९ साली बेकेलाइट कॉर्पोरेशन युनियन कार्बाइड अँड कार्बन या कंपनीला विकले गेले. बेकेलंड यांनी नंतरची वर्षे मुख्यतः फ्लोरिडातील कोकोनट ग्रोव्ह येथे काढली. त्या काळात ते विक्षिप्तपणासाठीच अधिक ओळखले जात, आणि डब्यातले अन्न थेट डब्यातूनच खात, असे सांगतात. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

थर्लो यांच्याविषयी मी वर जे लिहिले त्याची शहानिशा कोणाला करायची असेल तर बेकेलंड यांच्या हस्तलिखित दैनंदिन्या स्मिथसोनियनच्या अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. त्यांतील जून १९०७ ची पाने प्रथम पाहावीत.